गोराईकडची कारली, फळमाशी आणि सात वाड्या: एका पावसाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोराई-मनोरी पट्ट्यातल्या एका वाडीचं आहे. नावं आणि नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाहीये, काका-काकूंनी तसं सांगितलंय, पण बाकी सगळं जसं घडलं तसंच आहे. मी दापोलीला कृषी शिकले, आता नोकरी कांदिवलीत आणि तीही शेतीतली नाही, पण काकू आईच्या नात्यातली, त्यामुळे शनिवार-रविवार बोटीने खाडी ओलांडून तिकडे जाणं असतंच.

वाडी साधारण वीस गुंठ्यांची. पावसाळ्यात मांडवावर कारली, पडवळ, थोडा दुधी, कडेला वांग्याचे दोन वाफे आणि बांधाला केळी. पूर्वी माल बोरिवलीच्या भाजीवाल्यांना जायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बोरिवलीतल्या एका सोसायटीने थेट भाजी मागवायला सुरुवात केली, शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर, शनिवारी सकाळी गेटवर क्रेट, आणि ते अजून चालू आहे. मार्केटपेक्षा भाव बरा मिळतो आणि काकूला तिथल्या बायकांशी गप्पाही मारता येतात. मधे कोणी दलाल नाही, म्हणजे तक्रार पण थेट तिच्याच फोनवर येते.

नेमका प्रॉब्लेम

२०२४ च्या जुलैमध्ये एका शनिवारी दुपारी ग्रुपवर फोटो पडला. चिरलेलं कारलं, आत पांढऱ्या अळ्या. तासाभरात अजून तीन घरांतून तसेच फोटो आले. आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका ताईंनी लिहिलं की वांगी धुतानासुद्धा औषधाचा वास येतो, तुम्ही नक्की काय मारता ते सांगा. म्हणजे एकाच दिवशी दोन उलट्या तक्रारी, कीड आहे आणि औषधही आहे. काकू रडकुंडीला आली होती. तिचं म्हणणं होतं, एवढी फवारणी करून अळी निघतेच कशी?

तिच्या या प्रश्नातच सगळं उत्तर होतं, फक्त ते मला पण नीट कळायला दोन आठवडे लागले.

कारल्याची फळमाशी, शास्त्रीय नाव झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी, कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी फळाच्या आत गर खाते. मोठी झाली की फळातून पडून जमिनीत बोटभर खोलीवर कोष करते आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत पुन्हा माशी बाहेर. आता बघा, अंडं सालीखाली, अळी गराच्या आत, कोष मातीत. औषधाच्या पंपाला उघड्यावर सापडते ती फक्त माशी, आणि माशी पण दिवसभर मांडवात नसते, अंडी घालायला येते आणि एरवी बांधावरच्या केळीत, झुडपात बसून असते. म्हणजे काका मांडवावर जी फवारणी करत होते ती कीड जिथे नाही तिथेच पडत होती. त्यात पाऊस. सांताक्रुझला एकट्या जुलैची सरासरीच आठशे मिलिमीटरच्या वर आहे, सकाळी मारलेलं औषध दुपारी मातीत.

काका दर चार-पाच दिवसांनी मारायचे, दुकानदार देईल ते, कधी दोन औषधं एकत्र. आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते जी पुस्तकात एका ओळीत असते. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. कारली पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी काढावीच लागतात, नाही काढली तर जून होतात, पिवळी पडतात. मग पाच किंवा सात दिवस थांबायचं औषध कारल्यावर नियमाप्रमाणे वापरणं शक्यच नाही, शेतकरी कितीही प्रामाणिक असला तरी. आणि कारलं-पडवळ असल्या पिकांची नावं फार थोड्या औषधांच्या लेबलवर असतात, कंपन्यांचं लक्ष कापूस, भात, मिरचीकडे. काका फसवत नव्हते. त्यांना पाळता येईल असा नियमच कोणी दिला नव्हता.

समोर काय पर्याय होते

रविवारी ओटीवर बसून आम्ही तिघांनी बोलून घेतलं. सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंना पण फोन लावला, स्पीकरवर.

काकांचा पहिला विचार होता जास्त कडक औषध. दुकानदाराने तेच सांगितलं होतं. हे मी नको म्हटलं, कारण वर लिहिलंय तेच, कडक औषध पण सालीच्या आत जात नाही, आणि जे आत जातं ते खाणाऱ्याच्या पोटातही जातं.

ताईंचं म्हणणं, सरळ सगळं बंद करा, ऑरगॅनिक म्हणून विका, आम्ही थोडे जास्त पैसे देऊ. ऐकायला छान, पण जुलैच्या मध्यात नुसती फवारणी थांबवली आणि दुसरं काहीच केलं नाही तर दोन आठवड्यांत पीक हातचं गेलं असतं. निंबोळी अर्क मारला तरी तोही पावसात धुऊन जाणार.

तिसरा पर्याय फळांना पिशव्या घालणं. पडवळ आणि दुधीला जमतं, फळं मोठी आणि मोजकी. कारल्याची शेकडो फळं, प्रत्येकाला कोवळेपणी कागद बांधायचा, रोज, पावसात, दोन माणसांनी? काकू म्हणाली, "बाय, मग सैपाक कोण करील?" पडवळापुरतं ठरलं.

चौथा पर्याय म्हणजे ज्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात ते. सापळे, आमिष, सडकी फळं गोळा करणं, मोजणं, आणि औषध अगदी शेवटी. हे शब्द काकांनी आधी ऐकलेले होते, एका शिबिरात, आणि त्यांच्या डोक्यात ते 'औषध न मारणं' असं बसलेलं. म्हणून मी त्यांना मूळ कल्पना सांगितली. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी मांडलं की कीड दिसली म्हणून मारायचं नाही, कीड किती झाली की तिचं नुकसान मारायच्या खर्चापेक्षा जास्त होतं ती पातळी आधी ठरवायची, आणि तोवर निसर्गातले शत्रू कीटक जगू द्यायचे. म्हणजे पहिलं काम मोजायचं. काका म्हणाले, मोजायला काय, मोजतो.

काय केलं, कुठे अडलो

पहिला निर्णय, आठवडाभर नवं काहीच करायचं नाही, फक्त मोजायचं. हा सगळ्यात कठीण गेला कारण सोसायटी विचारत होती काय केलंत म्हणून. काढणीच्या वेळी शंभर कारली बाजूला घेऊन डंख बघायचे, म्हणजे माशीने अंडी घालायला टोचल्याच्या खुणा; डंखाजवळ फळ वाकतं, बारीक डिंकासारखा थेंब असतो. शंभरात अडतीस. काकूने कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. तो आकडा बघून काका गप्प झाले, त्यांचा अंदाज दहा-पंधराचा होता.

मग सापळे. इथे मोठी चूक झाली. मी फोनवर सांगितलं फळमाशीचे सापळे आणा, दुकानातून सहा आले, लावले, आठवड्याने बघितलं तर माश्या बऱ्याच होत्या आणि काका खूश. मी शनिवारी उघडून पाहिलं तर त्या आंब्याच्या फळमाश्या. दुकानदाराने मिथाइल युजेनॉलचे ल्युअर, म्हणजे नरांना वासाने ओढणाऱ्या वड्या, दिलेले. आमच्या दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आंब्याच्या बागांत वर्षानुवर्षं लटकतोय, त्यामुळे इकडे फळमाशीचा सापळा म्हटलं की तोच. पण कारल्याच्या माशीचा नर मिथाइल युजेनॉलला येत नाही, त्याला क्यू-ल्युअर लागतो. दिसायला सापळा तोच, आतली वडी वेगळी. जुलैचे दोन आठवडे असे गेले, आणि ही चूक माझी, मी ल्युअरचं नाव लिहून द्यायला हवं होतं.

क्यू-ल्युअर आल्यावर पहिल्या आठवड्यात सहा सापळ्यांत मिळून दोनशेच्या वर नर. काका परत खूश. पण डंख तेवढेच. कारण सापळ्यात फक्त नर येतात, आणि ज्या माद्यांचं नराशी मीलन आधीच झालंय त्या अंडी घालत राहतात. सापळा म्हणजे आधी मोजपट्टी, मग जमलं तर मारा. हे बऱ्याच ठिकाणी उलटं सांगितलं जातं आणि मग शेतकरी म्हणतो सापळे बिनकामाचे.

माद्यांसाठी आमिष लागतं, त्यांना अंडी पोसायला प्रथिनं हवी असतात. जुन्या माहितीपत्रकांत सुक्या मासळीच्या भुकटीचं आमिष सांगितलेलं आहे, सोबत डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचा बोळा. डायक्लोरव्हॉस भारतात २०२० च्या ३१ डिसेंबरपासून बंद आहे पण कागद अजून फिरतात, कोणाकडे असले तर तेवढी ओळ खोडा. आम्ही ओला केलेला जवळा, थोडा गूळ आणि साबणाचं पाणी बाटल्यांत घातलं, वर भोकं, आणि बाटल्या मांडवात न लावता बांधावरच्या केळीत, पानाच्या आडोशाने, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. जवळ्याची कल्पना काकूची. मांजरी यायला लागल्या म्हणून बाटल्या उंच बांधल्या. दर तिसऱ्या दिवशी बदलावं लागतं, वास सहन होत नाही, हे मान्य करूनच कोणी करावं.

पण खरा फरक पडला तो उकिरड्यामुळे. डंख लागलेली, सडकी कारली काका वर्षानुवर्षं बांधाच्या कोपऱ्यात टाकत होते. अडतीस टक्के माल तिथे, ओल्या मातीवर, अळ्यांसकट. म्हणजे माशीची नर्सरी आम्हीच मांडवाच्या दहा पावलांवर चालवत होतो. उन्हाळ्यात काळ्या पिशवीत भरून उन्हात ठेवली की अळ्या मरतात, पण जुलैत मुंबईत ऊन आणायचं कुठून. खड्डा खणला तर पाणी भरतं. शेवटी जाड प्लास्टिकच्या गोणी, तोंड घट्ट बांधून पत्र्याखाली तीन आठवडे, आणि रोजची थोडी फळं चिरून शेजारच्या गावठी कोंबड्यांना.

हवाईमध्ये याच माशीसाठी एक साधी युक्ती काढलेली आहे, सडकी फळं बारीक जाळीच्या तंबूत ठेवायची, माशी बाहेर पडू शकत नाही पण तिच्या अळीवर जगणारी छोटी गांधीलमाशी जाळीतून निघून परत शेतात जाते. आणि ती गांधीलमाशी हवाईत गेली कुठून, तर शंभर वर्षांपूर्वी भारतातूनच नेलेली. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, आपल्या मांडवातला हा राखणदार आपण दर चार दिवसांनी औषधाने मारतोय आणि ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी जपून नेला. मच्छरदाणीचा तसा तंबू आम्ही करून बघितला, वाऱ्याने फाटला. जाळीचं माप पण नीट जमलं नाही.

वांग्याचं थोडक्यात: सुकलेले शेंडे दर रविवारी खुडून नष्ट करणं आणि शेंडे-फळ पोखरणाऱ्या अळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे), एवढ्यावर बरंच निभावलं. बीटी वांगं, म्हणजे या पोखरणाऱ्या अळीविरुद्ध जनुक घातलेलं वांगं, आलं असतं तर काय, हा प्रश्न काकांनी विचारला. २०१० च्या फेब्रुवारीत केंद्राने त्याला स्थगिती दिली, आणि तसंही फळमाशीला त्याचा उपयोग शून्य.

वाडी एकटी पुरत नाही हे कळलं तो दिवस

ऑगस्टच्या मध्याला डंख शंभरात चोवीसवर आले आणि तिथेच अडकले. सापळ्यांत मात्र नर येतच होते. काकूने वहीत सापळ्यावार आकडे लिहिलेले, म्हणून दिसलं की पश्चिमेच्या बांधावरच्या दोन सापळ्यांत बाकी चौघांच्या दुप्पट माश्या. पश्चिमेला काय, तर एक बंद पडलेली वाडी आणि पलीकडे वीकेंडला भाड्याने जाणारा बंगला, कुंपणभर रानतोंडली. तोंडलीवरही हीच माशी वाढते.

इथे दोन रस्ते होते. आपल्याच वाडीत सापळे वाढवायचे, म्हणजे कदाचित शेजारच्या माश्या अजून ओढून घ्यायच्या. नाहीतर शेजाऱ्यांशी बोलायचं. काका बोलायला तयार नव्हते, बांधावरून जुना वाद होता. काकू गेली. गणपतीच्या आधी, हातात पडवळ घेऊन, सहा घरी. कालनिर्णयचं पान दाखवलं. पाच वाड्या लगेच हो म्हणाल्या कारण त्यांची पण कारली सडत होती, फक्त कोणी कोणाला सांगत नव्हतं. बंगल्याच्या माळीदादांनी तोंडली काढून टाकायचं कबूल केलं, मालकाला विचारून. आमची धरून सात जागा. ल्युअर एकत्र मागवले, सडकी फळं ठरलेल्या दोन ठिकाणी गोणीत, आणि कोणी मांडवावर औषध मारणार असेल तर आधी ग्रुपवर टाकायचं.

जपानने ओकिनावाच्या बेटांवरून हीच माशी पूर्ण घालवली, १९७२ ला सुरुवात आणि १९९३ ला शेवट, निर्बीज केलेले नर प्रचंड संख्येने सोडून. एकवीस वर्षं लागली आणि ती पण चहूबाजूंनी समुद्र असताना. आपला हा पट्टा पण तीन बाजूंनी खाडी आणि समुद्राने वेढलेला आहे, म्हणून मला आशा वाटते, पण भाईंदरकडून रस्ता आहे, मार्केटचा माल येतो, हॉटेलांचा कचरा येतो. इथे माशी संपणार नाही, कमीच ठेवावी लागेल आणि ती सगळ्यांनी मिळूनच.

सोसायटीशी काय ठरलं

सेक्रेटरी ताईंनी सभेत विषय घेतला आणि काकूला बोलावलं. ठरलं ते असं: वाकडं किंवा एखादा सुका डंख असलेलं कारलं वेगळ्या क्रेटमध्ये, कमी भावात, ज्याला चालेल त्याने घ्यावं. गेटवर पाटी, या आठवड्यात कशावर काय मारलं, कोणत्या तारखेला. काही मारलं असेल तर लेबलवरचे दिवस होईपर्यंत ती भाजी येणार नाही, आणि त्या आठवड्याचं ॲडव्हान्स सोसायटी परत मागणार नाही. ही शेवटची अट माझ्या मते सगळ्यात मोलाची होती. औषध मारल्यावर थांबण्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसायचा असेल तर तो थांबणार नाही, कोणीच थांबणार नाही.

एका गृहस्थांनी विचारलं की परदेशात तर असा माल चालतच नाही. बरोबर आहे. २०१४ च्या मे महिन्यात युरोपियन युनियनने भारताचा हापूस थांबवला तेव्हा बातम्या आंब्याच्याच झाल्या, पण त्या यादीत कारलं, पडवळ, वांगं आणि अळूची पानं पण होती. आधीच्या वर्षी फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली कारण त्याच्या मागे मोठी यंत्रणा उभी राहिली. निर्यातीला तपासणी आहे, पॅकहाउस आहे, बोरिवलीच्या गेटला काहीच नाही. तिथे काकूची पाटी आहे.

निकाल

सप्टेंबरअखेर शंभरात बारा-तेरा डंख. मधल्या काळात मांडवावर फवारणी एकदाच, आणि वांग्यावर एकदा. औषधाचा खर्च बराच खाली आला, पण मजुरी वाढली, काकूचे रोजचे दीड-दोन तास गेले आणि ते कोणी हिशोबात धरत नाही, मी धरायला लावले. चार घरांनी भाजी घेणं बंद केलं ती परत आली नाहीत. पाच नवीन जोडली गेली. अळी निघाल्याचा फोटो ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा आला, पण यावेळी त्या ताईंनी ग्रुपवर न टाकता काकूला थेट पाठवला, कोणत्या शनिवारचं कारलं ते पण लिहून.

पुन्हा करायचं झालं तर

मोजणी जूनमध्येच, पहिलं फूल लागलं की. आम्ही आग लागल्यावर सुरू केलं.

सुरुवातीलाच वांग्याचा एक नमुना औषधाच्या अंशासाठी लॅबमध्ये द्यायला हवा होता. खर्च जास्त म्हणून टाळलं, त्यामुळे आता वास गेला एवढंच सांगता येतं, अंश किती कमी झाला ते सांगता येत नाही.

शेजाऱ्यांकडे पहिल्याच आठवड्यात जायचं. मी कृषी पदवीधर असून सापळे, आमिष, तंबू सगळं केलं आणि बांधापलीकडे बघायला ऑगस्ट उजाडला.

आणि फोनबद्दल. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली, फोटो काढला की कीड ओळखायची. आपल्या राज्यात क्रॉपसॅप हा सरकारी प्रकल्प २००९ पासून सोयाबीन, कापसासारख्या पिकांची किडींची नोंद ठेवतंय. कॅमेरा असलेले सापळे आलेत, आतल्या माश्या मोजून मोबाईलवर पाठवतात. मला हे सगळं हवंय. पण फळमाशीची अळी फळाच्या आत, फोटोत येते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि एका वाडीचा आकडा घेऊन करणार काय? पश्चिमेच्या बांधावर दुप्पट माश्या आहेत हे कॅमेऱ्याने सांगितलं असतं तरी पडवळ घेऊन शेजारी कोणीतरी जावंच लागलं असतं. असे सापळे सात वाड्यांना मिळून द्यावेत, एकेका शेतकऱ्याला सबसिडीत एकेक देऊ नयेत, एवढं मी कृषी खात्यातल्या ओळखीच्यांना सांगून ठेवलंय.

पुढच्या सीझनसाठी सातपैकी सहा जागा तयार आहेत. बंगल्याचे माळीदादा बदलले, नवीन माळ्याला तोंडलीचं काही माहीत नाही आणि वेल परत कुंपणावर चढलाय. क्यू-ल्युअरचे पैसे निम्मे वाड्यांनी आणि निम्मे सोसायटीने द्यायचं ताईंनी मान्य केलंय, ऑर्डर मेच्या शेवटी जाईल, ल्युअरचं नाव मी यावेळी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. काका परवा पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, पश्चिमेकडच्या वाडीत मी जातो बोलायला.